मुखपृष्ठावरची सात नावं

चहा घ्या अन् मंग हसा माझ्यावर. इतके दिवस मी दुसऱ्यांचे पराक्रम सांगत आली, आज माझा सांगते. पण बाप्पा, हा सांगताना मले स्वतःले हसू येत नाही.

राज्य नवं झालं होतं, आपलं रायपूर राजधानी. जिकडे पाहा तिकडे संस्थांचे बोर्ड! तसल्याच एका संस्थेत मी लागली. काम काय? तं संशोधन लोकांनीच करायचं, आपण फक्त सोबत बसायचं. ट्रेनिंगमध्ये एवढं घोटून घेतलं की मी झोपेतही 'लोक आपले भागीदार आहेत' असं बरळत होती.

रायपूरजवळच्या उरल्यात, कारखान्यांच्या भागात, एका लोखंडाच्या मिलच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, सात बाया माझ्या भागीदार झाल्या. सगळ्या त्याच मिलमध्ये रोजीनं भंगार निवडणाऱ्या. त्यांच्या पुढारी शांतामावशी, आपल्या भंडाऱ्याकडच्या. नवरा गेलेला, अख्खं घर त्या रोजीवर. मिलच्या धुरानं पोट्टे खोकून राहिले होते. बायांनीच युक्ती काढली. रोज दाराशी धुतलेला पांढरा फडका टांगायचा, संध्याकाळी काढून तारीख टाकून ठेवायचा. तीन महिन्यांत काळ्या फडक्यांचा हा ढीग! चिमणीले धूर गाळायचं मशीन बसवा, एवढीच मागणी.

अहवाल छापायची वेळ आली तं मावशी म्हणाल्या, "आमचे नावं नको टाकू वो बाई."

"काहून? मेहनत तुमची अन् नाव दुसऱ्याचं?"

"नाव नाही टाकलं तं मेहनत काय पळून जाते?"

आता इथं शहाण्या माणसानं गप बसावं का नाही? पण मी! मी तासभर भाषण ठोकलं. हक्क काय, सन्मान काय! बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या अन् शेवटी "हव दीदी, हव" म्हणून मोकळ्या झाल्या. त्या कंटाळून हो म्हणाल्या, मले वाटलं पटलं.

मंग काय विचारता! मुखपृष्ठावरच सात नावं, ठळक अक्षरात. नावाखाली फोटो. तेवढ्यानं माझं समाधान होते का? कोण कोणत्या पाळीत कामाले जाते, तेही टाकलं!

प्रकाशनाले मिलच्या मॅनेजरलेही बोलावलं. सगळ्यांना सोबत घ्यायचं ना! माणूस मोठा गोड. पानं चाळली, मान डोलावली अन् म्हणाला, "बहुत मेहनत की है मॅडम. दो-चार कॉपी और मिलेगी?"

मी दहा दिल्या. वरून मिठाईचा डबा.

सोमवारी मिलच्या गेटवर ठेकेदार उभा, हातात आमचा अहवाल. एकेक नाव वाचून राहिला, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहून राहिला. सकाळच्या पाळीतल्या चौघी सकाळी काढल्या, दुपारच्या तिघी दुपारी. एकही सुटली नाही. माझा अहवाल इतक्या बारकाईनं आजवर कोणीच वाचला नाही हो!

मी धावत आमच्या साहेबांकडे गेली. म्हटलं, सर, या बायांना आपल्या संस्थेत ठेवा, माझ्यामुळं त्यांची रोजी गेली. साहेब म्हणाले, "अहो, त्या तर भागीदार! भागीदाराला नोकरीवर कसं ठेवणार?"

तशीच पाऱ्यात गेली. लाजेनं जीव नकोसा झाला होता. शांतामावशी ओट्यावर अहवाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भरदिवसा घरी बसलेलं त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. मले वाटलं, आता शिव्या खाव्या लागतील. दिल्या असत्या तं बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सरकून मले बसायले जागा दिली.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी अहवाल उलटा केला, सुलटा केला, मागचं पानही पाहिलं.

"यात तुझं नाव कुठं आहे वो बाई?"

"काम सारं तुमचं होतं ना मावशी... म्हणून मी माझं नाव टाकलंच नाही."

मावशींनी अहवाल मिटला अन् माझ्याकडे पाहिलं.

"हुशार आहेस," त्या म्हणाल्या.