बेरिंगा

माझे बाबा चिंचपोकळीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. मी तेव्हा दादरला जर्मन शिकत होते. एका रविवारी क्लासमधल्या दोन मैत्रिणी घरी आल्या. बाबांना माणसं आली की फार आनंद व्हायचा. चहा घेता घेता ते कामाचं सांगायला लागले, "काल मशीन उघडली तर दोन्ही बेरिंगा गेलेल्या. आणि वायसर तर अख्ख्या बाजारात मिळेना!"

"बाबा, बेरिंग्ज," मी म्हटलं. "आणि वायसर नाही हो, वॉशर."

एक मैत्रीण फिस्सकन हसली. मीही हसले. बाबा "बरं, बरं," म्हणाले आणि कप घेऊन गॅलरीत गेले. मशीनचं पुढे काय झालं, ते राहूनच गेलं.

दोनेक महिन्यांनी आमच्या जर्मनच्या बाईंनी फळ्यावर 'बेबी'चं अनेकवचन लिहिलं, 'वाय' तसाच ठेवून पुढे नुसता 'एस'. मी लगेच हात वर केला. "मॅडम, स्पेलिंग चुकलंय."

"इंग्रजीत चुकलंय," बाई म्हणाल्या. "जर्मनमध्ये तू म्हणतेस ते चूक."

मग त्यांनी 'चेक' लिहिलं. सुरुवातीला 'गे' जोडला, शेवटी 'ट'. गेचेक्ट, म्हणजे तपासलं. शब्द इंग्रजांचा, पण भूतकाळ पक्का जर्मन. 'जॉब' तिकडे पुल्लिंगी, 'बेबी' नपुंसकलिंगी. "शब्द आपल्यात आला की आपल्या व्याकरणानं चालायचा," बाई सांगत होत्या.

मी वहीत उतरवून घेत होते आणि मध्येच हात थांबला. वाटेच्या वाटा, तशा बेरिंगेच्या बेरिंगा. बाबांचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी परीक्षा होती, मग नोकरी लागली. खरं म्हणजे चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत होता.

वर्षभराने बाबा फोनवर जुन्या सोबत्याशी बोलत होते. मला पाहिलं आणि अडखळले. मग शाळेतल्या पोरासारखं सावकाश म्हणाले, "बेरिंग...ग्ज."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बाबा, बेरिंगाच म्हणा ना. तेच बरोबर आहे." आणि जर्मनचं सगळं समजावून सांगितलं. त्या रविवारी माझंच चुकलं, हेही सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "नको गो," म्हणाले. "चार माणसांत तुला खाली बघायला लागतं."

आता ते निवृत्त आहेत. शेजाऱ्यांशी तासन्तास गप्पा मारतात, आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. मी आत आले की वाक्य आखडतं घेतात. मी चपला काढता काढता बाहेरच थोडी रेंगाळते.