काउंटरमागे आढळलेली महिला

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते टपालाने येतात. जावक क्रमांकासकट, शिक्क्यासकट. सकाळी कागद वाचून माझं डोकं तापतं. दुपारी डबे उघडले की कुणीतरी तोच कागद मोठ्याने वाचतं आणि सगळे हसतात. मला हसू जरा उशिरा येतं. आधी संताप येतो आणि तो संध्याकाळपर्यंत पुरतो.

आधी आमचा धंदा सांगते. रायपुरात बूढ़ापाऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. इकडे दारूची दुकानं सरकारची, पण हॉटेलांतले आणि रेस्टॉरंटांतले बार खाजगी. या बारवाल्यांसाठी आम्ही दर आठवड्याला एक पत्रक काढतो. कुठला नियम बदलला, कुठला फॉर्म भरायचा, कुठल्या दिवशी बंद ठेवायचं, हे सगळं सरकारी हिंदीतून माणसांच्या हिंदीत आणायचं. माझं एलएलबी झालंय, म्हणून पत्रक मी लिहिते.

शेजारच्या टेबलावर बोकडे काका बसतात. मूळचे भंडाऱ्याचे, एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांना एकही नियम धड आठवत नाही, पण कुठला साहेब कुठली ओळ वाचतो आणि कुठली सोडतो हे पक्कं ठाऊक असतं. मी नियम सांगते, काका साहेब सांगतात. आमचं रोज भांडण होतं.

आणि प्रमिला दीदी. सिलतऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं रेस्टॉरंट आहे, त्याला जोडून बार. तीन वर्षांपूर्वी नवरा अचानक गेला. तोवर दीदी स्वयंपाकघराच्या पुढे कधी आल्या नव्हत्या. लायसन्स त्यांच्या नावावर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या काउंटरवर उभ्या राहिल्या. यंदा मार्च संपायच्या आत ते लायसन्स पुन्हा नवं व्हायचं होतं. नाही झालं तर एक एप्रिलला शटर खाली, आणि आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत सगळे घरी. फायलीत एकही वाईट शेरा पडू द्यायचा नाही, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

एवढंच.

* * *

माझ्या नोकरीबद्दल आधी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या ओळखीच्या एका बाईंनी वाण देता देता विचारलं, "तुम्ही सध्या कुठे असता?"

मी सांगितलं.

"अगं बाई, दारूच्या लाइनीत? घरचे काही म्हणत नाहीत?"

आजूबाजूच्या दोघीतिघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी पर्समध्येच क्वार्टर घेऊन आले होते. मी तिळगूळ खाल्ला. घरी येऊन मात्र नवऱ्यावर विनाकारण चिडले.

पंचवीस जानेवारीला संध्याकाळी फोन आला. त्याच बाईंचे यजमान. "वहिनी, उद्या ड्राय डे राहते ना?"

"हो."

"मग आज किती वाजेपर्यंत उघडं राहते?"

मी म्हटलं, "भाऊजी, फोन जरा वहिनींकडे द्या. मी त्यांनाच नीट समजावून सांगते."

फोन कट झाला.

* * *

फेब्रुवारीत नवा आदेश आला. प्रत्येक बारने दारावर बोर्ड लावायचा: बारचं नाव, लायसन्स नंबर, बंद होण्याची वेळ. बोर्ड कसा असावा याचा नमुना कुणीच दिला नव्हता, म्हणून पत्रकात मीच एक करून छापला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "यहाँ अपने बार का नाम लिखें".

आठ दिवसांनी एका कामासाठी बाहेर पडले, तर एका बारच्या दारावर चकचकीत बोर्ड. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: "यहाँ अपने बार का नाम लिखें".

मालक हसत बाहेर आले. "मैडम, एलईडी लगवाया है. रात में और अच्छा दिखता है."

मी विचारलं, "भैया, आपने पढ़ा नहीं?"

"पढ़ना क्या है, आपने भेजा था ना."

असे बोर्ड सात ठिकाणी निघाले. मला वाटलं, तपासणीला साहेब येतील आणि सातही जणांना झापतील. एक्साइजचे इन्स्पेक्टर आले. हातात माझं पत्रक होतं. त्यांनी नमुना बघितला, बोर्ड बघितला, ओळ न् ओळ जुळवली आणि सातही बार पास केले.

प्रमिला दीदींनी मात्र त्या जागी स्वतःच्या बारचं नाव लिहिलं होतं. त्यांच्या फायलीत शेरा पडला: "बोर्ड निर्धारित प्रारूप के अनुरूप नहीं."

मी तडक फोन लावला. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले, "मैडम, फॉर्मेट तो आपका ही है. उसमें ये नाम कहाँ लिखा है, आप ही दिखा दीजिए."

मी फोन आपटला. बोकडे काका डब्यातली भेंडी निवडत होते. म्हणाले, "चूक तुहीच आहे माधवी. नमुन्यात जागा रिकामी ठेवा लागते. तू त्यात लिहून काहून बसली?"

* * *

रिंकू भैयाचा किस्सा छोटा आहे. त्यांचा बार पुरानी बस्तीपासून जवळ, दुपारपासून गर्दी असते. बुधवारी सगळं बंद ठेवा, असा आदेश गुरुवारी दुपारी आला. खाली एक ओळ होती: बंद ठेवल्याचा फोटो आजच्या आज पाठवा.

"दीदी, कल तो खुला था," रिंकू भैया म्हणाले. "कल का फोटो आज कैसे खींचूँ?"

मी सांगितलं, खरं ते लिहून द्या, आदेश उशिरा मिळाला म्हणून. पत्रही मीच लिहून दिलं. त्याला उत्तर आलं नाही, पण फोटो मागणारा फोन दर तासाला येत राहिला. शेवटी ते काकांकडे गेले. काका म्हणाले, "दोन मिनिटं शटर पाड, फोटो काढ, धाडून दे."

गिऱ्हाइकं आत आणि शटर खाली. फोटो गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही लेखी: "फोटो में दिनांक अंकित नहीं है. पुनः बंद कर फोटो भेजें."

त्यांनी पुन्हा बंद केलं. शटरवर खडूने बुधवारची तारीख लिहिली. आतल्या एका गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा अंधार झाल्यावर विचारलं, "भैया, रोज इसी टाइम करते हो क्या?"

प्रमिला दीदींपर्यंत तो आदेश पोचलाच नाही, हे त्यांचं नशीब. पोचला असता तर त्यांनी "बुधवार को खुला था" असं सरळ लिहून दिलं असतं, आणि मीच त्यांना तसं करायला सांगितलं असतं.

* * *

मार्चच्या सुरुवातीला सगळ्या लायसन्सधारकांना ट्रेनिंगला बोलावलं. स्वतः हजर राहायचं, माणूस पाठवलेला चालणार नाही. वयाचा पुरावा कसा तपासायचा, जास्त झालेल्या माणसाला कसं थांबवायचं, असे विषय होते. मला बरं वाटलं. चला, काहीतरी कामाचं होतंय.

प्रमिला दीदी वेळेआधी पोचल्या. सुती साडी, हातात फाइल. दारावरच्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न विचारता सांगितलं, "महिलाओं का बाजू वाले हॉल में है."

दीदींना वाटलं, बायकांचं ट्रेनिंग वेगळं असेल. बाजूच्या हॉलमध्ये सतरंजीवर साठेक बायका बसल्या होत्या. कुणीतरी सरकून जागा दिली, चहा दिला. मग एक म्हातारी उभी राहिली आणि दारूने तिचं घर कसं गेलं ते सांगू लागली. तो नशाबंदीचा मेळावा होता.

"तुम्ही उठून आला नाहीत?" त्या ऑफिसात आल्यावर मी विचारलं.

"कैसे उठती? वो रो रही थी."

शेवटी कागद फिरला, त्यावर सगळ्यांनी सही केली. दीदींनीही केली. बाहेर येईपर्यंत ट्रेनिंग संपलं होतं आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे "अनुपस्थित" लागलं होतं. फायलीत दुसरा शेरा.

मला सगळ्यांचाच राग आला. दारावरच्या माणसाचा आला, त्या पटाचा आला आणि खरं सांगायचं तर दीदींचाही आला. मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी तिथे होतात याचा काही पुरावा आहे का?"

त्यांनी पर्समधून घडी घातलेली झेरॉक्स काढली. मेळाव्याचं निवेदन होतं. शहराच्या हद्दीतले आणि सिलतरा मार्गावरचे सर्व बार ताबडतोब बंद करा, अशी मागणी आणि खाली नवव्या नंबरवर दीदींची सही.

काकांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला. "तारीख आहे, टाइम आहे, सही आहे. जोडून दे अर्जाले."

"काका, त्यांचा स्वतःचा बार बंद करायची मागणी आहे ती!"

"तिकडं कोण वाचते?" काका म्हणाले. "तारीख पाहतेत."

मी जोडला नाही. दीदींना मात्र त्या सहीचं जराही वाईट वाटलं नव्हतं. "बात तो उनकी सही थी, मैडम," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या कागदाबद्दल विचारू लागल्या.

* * *

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एक नवे इन्स्पेक्टर दीदींच्या बारमध्ये तपासणीला आले. काउंटरमागे दीदी उभ्या होत्या.

"मालिक को बुलाइए."

"मैं ही हूँ. लाइसेंस मेरे नाम पर है."

ते हसले. "वो तो ठीक है. चलाता कौन है, उसको बुलाइए."

दीदी म्हणाल्या, मीच चालवते. इन्स्पेक्टरनी आणखी वाद घातला नाही. कामगारांची मंजूर यादी मागितली. बारमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि फोटो त्या यादीत लागतो. त्यांनी माणसं मोजली, यादीशी जुळवली आणि गेले.

चार दिवसांनी नोटीस आली. मी ती तीनदा वाचली. वर लिहिलं होतं "श्री प्रमिला", कारण कॉम्प्युटर सगळ्यांनाच श्री लावतो. मजकूर असा, की आपल्या बारच्या काउंटरमागे एक अनधिकृत महिला आढळली आहे, तिचं नाव मंजूर यादीत नाही. सबब, आपण सदर महिलेबाबत सात दिवसांत कार्यवाही करून अहवाल सादर करावा, अन्यथा लायसन्सचा विचार केला जाणार नाही.

म्हणजे श्री प्रमिला यांनी प्रमिलाबाईंना काउंटरवरून हटवायचं.

इतक्या वर्षांत मी ऑफिसात कधी रडले नव्हते, त्या दिवशी रागाने रडले. मग बसून सहा पानी उत्तर लिहिलं. कायदा, कलम, मालकाचं नाव नोकरांच्या यादीत का नसतं, पुरुष मालक काउंटरवर असता तर हेच लिहिलं असतं का, सगळं. दीदी आल्यावर त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"बहुत अच्छा लिखा है. इससे लाइसेंस मिलेगा?"

"मिलना चाहिए."

"मिलेगा कि मिलना चाहिए?"

बोकडे काकांनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढून टेबलावर ठेवला. कामगाराचं नाव यादीत घालण्याचा फॉर्म.

मी उसळले. "काका, मालकिणीने स्वतःच्याच बारमध्ये नोकर म्हणून नाव घालायचं?"

"साहेबाले बाई दिसली माधवी. मालकीण नाही दिसली," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "त्याले जे दिसलं, त्याचं नाव पाहिजे. तू कितीबी लिही."

दीदी म्हणाल्या, "हव. लाओ भैया, भर देती हूँ."

त्या फॉर्मवर लायसन्स मिळालं, आधीच्या दोन शेऱ्यांबद्दल कुणी विचारलंही नाही. एकतीस मार्चला संध्याकाळी मिळालं, शटर एक दिवसही पडलं नाही. माझी सहा पानं अजून ड्रॉवरमध्ये आहेत. पण मला सांगायचाय तो फॉर्म.

दीदींनी तो माझ्याच टेबलावर भरला. कामगाराचं नाव: प्रमिला. वय: एकोणपन्नास. मालकाचं नाव: प्रमिला. कामाचं स्वरूप या रकान्यात त्यांनी "सब कुछ" लिहिलं, ते काकांनी खोडून "काउंटर" लिहायला लावलं. दोन्हीकडे एकच फोटो चिकटवला. मग खाली मालकाने द्यायचं प्रमाणपत्र: या व्यक्तीची वागणूक चांगली आहे, ही व्यक्ती विश्वासू आहे. दीदींनी दोन्हीपुढे टिक केलं, जरा लाजूनच.

शेवटचा रकाना होता: "आप इस व्यक्ति को कब से जानते हैं?"

काका म्हणाले, "लिहून टाका, जन्मापासून." मलाही त्या रागात हसू फुटलं.

दीदी हसल्या नाहीत. त्यांनी पेन कागदावर टेकवलं. मग सावकाश लिहिलं, "तीन साल से", आणि खाली सही केली.