तीनदा ओढून

शनिवार पेठेतल्या ज्या कुलूपवाल्यांकडे मी वर्षभर जातोय, त्यांचं नाव मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. विकलेलं प्रत्येक कुलूप ते लावून तीनदा ओढून बघतात आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला किल्लीशिवाय कुलूप उघडायचा छंद जडला. सरावासाठी मी ऐटीत सात लिव्हरचं भक्कम कुलूप मागितलं.

“सर, पहिलीतल्या पोरांना बीजगणित शिकवत होतात का?” असं म्हणून त्यांनी बॅगेचं चिमुकलं कुलूप पुढे केलं.

तीन महिने मी तारेनं ते कोरत बसलो. उघडलं नाही. पण आपला हात बसला, असं मात्र पेठभर सांगत सुटलो.

परवा दुपारी ते दुकान बंद करून जेवायला निघत होते.

“हात बसला म्हणे, सर?”

“जवळजवळ.”

“मी दिलेलं उघडलं?”

“तेवढंच राहिलंय.”

त्यांनी दाराला लावायचं जाडजूड कुलूप परत आत ठेवलं. कडीला मला दिलं होतं तसंच चिमुकलं कुलूप अडकवलं आणि एकदाही न ओढता घरी निघून गेले.