जांभ्यावरचे आठ फूट बाय दहा फूट

रत्नागिरीच्या उष्ण, दमट हवेत, जांभ्या दगडावर, थंड प्रदेशातले गवत रासायनिक खत वा औषध न वापरता वाढवता येते का? हा प्रश्न घेऊन मी कामाला लागलो. उत्तर शेवटी देतो. तो प्रश्न माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगणे आवश्यक आहे.

सेवेच्या अखेरच्या काळात मी सुभेदार होतो. आमची कंपनी काश्मीरमध्ये सुमारे नऊ हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होती. दिनक्रम ठरलेला असे. पहाटे ०४३० ला उठणे, ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे शस्त्रांसह मोर्चात सज्ज, ०६०० ला पॅट्रोल. पोस्टच्या खाली देवदारांच्या मधोमध एक उतरते कुरण होते. मे ते सप्टेंबर ते हिरवे असे; उरलेला काळ बर्फाखाली.

माझ्या प्लाटूनचा रेडिओ लान्स नाईक अनंत शिगवण सांभाळत असे. तो मालगुंडजवळच्या एका वाडीतला. मी रत्नागिरी शहरातला, शिक्षकाचा मुलगा. माझ्या माघारी तो मला ‘मास्तर’ म्हणे, हे मला ठाऊक होते. घरी त्याची आई आणि तांबू नावाची गाय, एवढेच. कुरणातून जाताना तो हमखास म्हणे, “साहेब, आमच्या तांबूला हे गवत मिळालं तर दुधाला चरवी पुरायची नाही.”

सप्टेंबरातल्या एका सकाळी ०६४० ला आम्ही त्या कुरणात थांबलो. अनंत जवळ आला.

“साहेब, दोन मिनिटं. बी पिकलंय.”

“कशाला?”

“आयेला नेतो.”

“दोन. जास्त नाही.”

त्याने सेट पाठीवर ठेवूनच कणसे तळहातावर चोळली आणि बी बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीत भरले. ०६४३ ला आम्ही निघालो. ०६५१ ला कुरणाच्या खालच्या टोकाशी, नाल्याच्या वळणावर, समोरून फायर आला. पहिल्याच बर्स्टमध्ये अनंत पडला. आम्ही आड घेतली आणि उत्तर दिले. मी सरपटत त्याच्यापर्यंत गेलो आणि त्याच्या पाठीवरच्या सेटचा हँडसेट घेतला.

“ब्राव्हो, ब्राव्हो वन. कॉन्टॅक्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“ब्राव्हो वन, लोकेशन. ओव्हर.”

मी लोकेशन दिले. कुमक ०७३० ला पोहोचली. अनंत ०७१५ ला गेला होता. तो गवतावर होता.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो आणि त्याच्या घरी गेलो. त्याची आई पार्वती शिगवण. मी त्यांना काकी म्हणतो. युनिटकडून आलेली ट्रंक त्यांनी माझ्यासमोर उघडली. गणवेश, घड्याळ, पत्रे आणि ती डबी.

“ह्यो डबा पालिशचा, पन आत बी हाय. कसला रं ह्यो?”

“गवताचं बी आहे, काकी. तो पडला तिथलं.”

त्यांनी डबीचे झाकण घट्ट लावले.

“मंग हितं लाव. मला त्या गवतावर वाईच उभं ऱ्हायाचं हाय.”

“ते थंडीतलं गवत आहे. इथे जगणं कठीण.”

“माजा पोर बर्फात जगला. गवत हितं न्हाय जगनार?”

मी पेरायचे कबूल केले. अनंतचा जन्म माघी गणपतीचा. त्या दिवशी तालुक्यातले काही माजी सैनिक दरवर्षी काकींच्या अंगणात जमत. गवतावर उभे राहायला काकींनी तोच दिवस ठरवला. अटही घातली. विहीर, ज्याला तिकडे बाव म्हणतात, अंगणापासून दहा पावलांवर होती.

“इकतचं खत-औषध काय टाकायचं न्हाय. सगळं जांभ्यातनं बावीत झिरपतं. आनि कापलेलं गवत तांबूच खानार.”

अट योग्य होती. जांभा सच्छिद्र असतो. वर ओतलेले खाली जाते.

प्रथम बी तपासले. दोन वर्षांचे जुने बी उगवेल की नाही, हे तर्काने ठरवू नये. मी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. दहा दिवसांत तिसऱ्या हिश्श्याला मोड आले. म्हणून अर्धी डबी राखून ठेवली आणि जोडीला त्याच जातीचे, फेस्क्यू नावाचे, विकतचे बी आणले. जागा घेतली आठ फूट बाय दहा फूट, फणसाच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर सावली येईल अशी. कातळावर माती जेमतेम चार बोटे होती. तिच्यावर शेतातली माती, दोन वर्षे कुजलेले शेणखत आणि आंब्याच्या पानांचे कुजलेले खत मिळून वीतभर थर दिला.

पेरणीपूर्वी काकींनी त्या थरावर सुका पाला, शेण्या आणि फांद्या पसरून भाजावळ केली. भाताच्या रोपांची जागा आपल्याकडे अशीच भाजून घेतात. मी नको म्हणालो; मातीतली गांडुळे मरतील, हे माझे कारण होते. त्यांनी ऐकले नाही. त्यांचे बरोबर निघाले: तणाचे बी जळाले, गांडुळे खालून आठवड्याभरात परतली. हे मी वहीत लिहून ठेवले.

नोव्हेंबरच्या अखेरीस पेरले. डबीतले बी फणसाच्या बुंध्याकडच्या दोन फुटी पट्ट्यात, विकतचे उरलेल्या जागेत. बाराव्या दिवशी हिरवी लव दिसली. पुढे एक चूक झाली. मी रोज सायंकाळी पाणी देत असे. रात्रभर पाती ओली राहिली आणि तपकिरी ठिपके पडले. तेव्हापासून पाणी पहाटे ०५३० ला आणि आठवड्यातून दोनदाच, पण मुळांपर्यंत जाईल इतके. ठिपक्यांवर आंबट ताक दहापट पाण्यात मिसळून शिंपडले.

काकी पायरीवर बसून पाहत होत्या. “गवताला ताक. आनि सुबेदार आला की त्याला कोरा च्या. बरा न्याय हाय माजा.”

जानेवारीच्या मध्यास गवत पाच बोटे उंच आणि दाट होते. वहीत मी स्वतः लिहिले होते: ‘तीन बोटांखाली कधीही कापू नये.’ कारण साधे आहे. हे गवत उष्णतेत अन्न साठवण्यापेक्षा खर्च अधिक करते. पाती कापली की कमाईच थांबते, आणि मुळांवर ऊन पडते ते वेगळेच.

माघी गणपतीच्या दोन दिवस आधी निवृत्त हवालदार गोताड यांचा फोन आला. दहाजण घेऊन येणार होते.

“साहेब, गवत पार घोट्यापर्यंत आलंय म्हणे. क्वार्टर गार्डसमोर तुम्ही आम्हाला असं चालवून घेतलं असतंत काय?”

ते थट्टेने म्हणाले. मी थट्टेने घेतले नाही. अठ्ठावीस वर्षे क्वार्टर गार्डसमोर, म्हणजे पलटणीच्या मुख्य पहाऱ्यासमोर, ज्या हिरवळी पाहिल्या, त्या बोटभर उंचीच्या होत्या. दुपारी ४ वाजता कात्री घेऊन बसलो आणि सूर्य मावळेपर्यंत सगळे गवत बोटभर केले. कडा दोरी लावून सरळ केल्या. ते उत्तम दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून घाटाकडून कोरडा, तापलेला वारा सुटला. समुद्राचा वारा दुपारी उशिरापर्यंत आलाच नाही. अकरा वाजता पाती पिवळी पडली. दुपारी दोनला पेंढ्यासारखी झाली.

काकी बाहेर आल्या. “हजामत क्येलीस व्हय रं?”

“हो.”

“भरतीला न्हेनार व्हतास काय त्याला?”

दुसरी पेरणी शक्य नव्हती; बाराव्या दिवशी येणारा कोंब एका रात्रीत येत नाही. माडाच्या झावळ्या बांबूंवर आडव्या टाकून सावली केली. गोणपाटे भिजवून वाऱ्याच्या बाजूला लावली. पाणी मात्र पहाटेपर्यंत दिले नाही. भर उन्हात ते देण्याचा मोह होतो. तापलेल्या, ओल्या मातीत मुळे कुजतात. काकी प्रत्येक तासाला येऊन झावळ्या नीट करत होत्या. त्यांनी एकदाही विचारले नाही, राहील का म्हणून.

माघी गणपतीच्या सकाळी ०५३० ला पाणी दिले आणि झावळ्या काढल्या. उघड्यावरचे गवत गेले होते. फणसाच्या बुंध्याकडचा दोन फुटी पट्टा हिरवा होता. तो डबीतल्या बियांचा होता. सावलीने तो वाचला, माझ्या कौशल्याने नव्हे.

नऊ वाजता गोताड आणि बाकीचे रांगेत उभे राहिले. काकींनी चपला काढल्या आणि पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोन मिनिटे स्तब्ध राहिलो.

नंतर मी त्यांच्याजवळ गेलो.

“काकी, हे बी गोळा करायला त्याने दोन मिनिटं मागितली होती. मी दिली. आठ मिनिटांनी फायर आला. ती दिली नसती तर आम्ही तिथून पुढे गेलो असतो.”

“ह्ये आता सांगतोस?”

“सांगायचं राहिलं होतं.”

त्या खाली गवताकडे पाहत होत्या.

“त्या दोन मिन्टांत काय करीत व्हता?”

“बी चोळत होता. तुमच्यासाठी नेतो म्हणाला.”

“मंग ती दोन मिन्टं माजी.”

त्यांनी वाकून मूठभर गवत उपटले, गोठ्यात नेले आणि तांबूपुढे धरले. तांबूने आधी हुंगले. मग खाल्ले.

आता उत्तर. होय, वाढते, पण डिसेंबर ते मार्च, दुपारच्या सावलीत, तीन बोटांहून उंच ठेवून, पहाटेच्या पाण्यावर आणि शेणखतावर. एप्रिलमध्ये ते मरते आणि त्या जागी आपली हरळी येते. इथे ते बीही धरत नाही. दर नोव्हेंबरला पुन्हा पेरावे लागते. आम्ही पेरतो. डबीत आता एका पेरणीपुरते बी आहे.

ती दोन मिनिटे दिली नसती तर काय झाले असते, हा दुसरा प्रश्न. तो तपासण्याची कोणतीही रीत मला सापडलेली नाही, म्हणून त्याचे उत्तर मी लिहीत नाही. लान्स नाईक अनंत शिगवण ०६४० ला हसत होता, इतके मी खात्रीने सांगू शकतो.

पहिल्या प्रश्नाचे तसे नाही. माझी मापे आणि वेळा एका अंगणातल्या आहेत. आपल्या अंगणात हातभर जागा घ्या, नोव्हेंबरच्या अखेरीस पेरा, आणि मी लिहिले ते खरे आहे का, हे कृपया स्वतः तपासून पाहा.