आठ पात्यांचा रूळ

साठ सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात मी नुकताच इंजिनिअर म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. शाळा निपाणीकडच्या एका लहान गावात झाली. आई विळ्याने गवत कापून टांगेवाल्यांना पेंढ्या विकायची, त्यावर माझी पुस्तकं आली. हे मी कारखान्यात कोणालाही सांगितलं नव्हतं.

मुलाखतीत मला निवडणारे साहेब पुण्याचे होते. बसवनगुडीत खोली त्यांनीच बघून दिली. रविवारी जेवायला बोलवायचे, ताटात तूप वाढताना आपल्या पत्नीला सांगायचे, “हा मुलगा वर येणार बघ.” त्यांच्या उपकाराखाली मी इतका वाकलो होतो की ते बरोबर बोलताहेत की चूक, हा विचार माझ्या मनात येतच नसे.

कारखान्याच्या दर्शनी भागात मोठी हिरवळ होती आणि ती साहेबांच्या अखत्यारीत होती. गवत कापायला दोन माणसांनी चालवायचं मशीन होतं. मागून माळीमामा दांडा रेटायचे, पुढून त्यांची बायको दोर ओढायची. बायकोचं नाव हजेरीपटावर नव्हतंच. मामाही अकरा वर्षं रोजंदारीवर होते. त्या वर्षी रोजंदारीतल्या काही जणांना कायम करायचं ठरलं आणि ‘मशीन चालवणारा’ म्हणून मामांचं नाव यादीत लागलं. मामा बंगलोरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठ्यांपैकी. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असे; ‘थोडं’ला ‘स्वल्प’, ‘बरोबर’ला ‘सरी’. मी मराठी आहे हे कळल्या दिवसापासून ते मला ‘सार’ सोडून ‘अण्णा’ म्हणू लागले.

त्याच सुमारास मशीनचा रूळ कामातून गेला. या मशीनला फिरता रूळ असतो, त्यावर वळणदार पाती असतात आणि खाली एक स्थिर पातं. दोन्हींच्या मध्ये गवत सापडलं की कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. वर्षानुवर्षं धार लावून रुळाची पाती इतकी झिजली होती की ती खालच्या पात्याला टेकेनात. नवा रूळ निवडून तशी टिपणी लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं.

बसतील असे दोनच रूळ मिळाले. एक राजाजीनगरच्या कारखानदाराने बनवलेला, पाच पात्यांचा, ओबडधोबड. दुसरा जुन्या यंत्रांच्या दुकानातला, विलायती, आठ पात्यांचा. हातात घेतला की घड्याळाचा भाग वाटावा असा.

मामांनी दोन्ही फिरवून बघितले. “अण्णा, ह्ये आठाचं नको. आमचं गवत दांडगं हाय. पंधरा दिसांनी एकदा कापतो. आठ पात्यांत गवताला शिरायला जागाच न्हाई. पाचाचं घ्या. स्वल्प जाड कापंल, पन कापंल.”

“मामा, पाती जास्त तर काप बारीक. हे गणित आहे.”

“गणित सरी हाय अण्णा,” पुढे बसलेली त्यांची बायको दोराची गाठ सोडत म्हणाली, “वढायचं आमाला हाय.”

मी हसलो. खरं तर मला हसायचं कारण नव्हतं. ओलं, वाढलेलं गवत पात्यापुढे आडवं होतं, कापलं जात नाही, हे मी लहानपणी आईबरोबर बांधावर बसून शिकलो होतो. पण ते ज्ञान विळ्याचं होतं. ते टिपणीत कसं लिहायचं? आणि लिहिलं तर ते कुठून आलं हेही सांगावं लागलं असतं.

साहेबांनी विलायतेत हिरवळी बघितल्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी मागवली आणि मी आठ पात्यांचा रूळ हाताने फिरवला. कागद सुईने आखल्यासारखा कापला गेला. “वा! आणि माळी काय म्हणतो? स्वल्प?” साहेबांनी मामांच्या बोलण्याची नक्कल केली. मीही हसलो. त्या दुपारी मी टिपणी लिहिली: कागदाच्या चाचणीत आठ पात्यांचा रूळ निर्विवाद सरस.

महिना-दीड महिना चांगला गेला. ऊन होतं, गवत खुरटं होतं. मग दिल्लीहून पाहुणे यायचे ठरले. सगळे माळी कुंड्यांना गेरू आणि दगडांना चुना फासायला लावले गेले आणि हिरवळ तीन आठवडे तशीच राहिली. पाहुणे दहाला येणार आणि साहेबांनी सकाळी सातला कापायला सांगितलं. मामांनी लांब बांबू फिरवून दव झाडलं. तरी गवत घोट्याएवढं आणि ओलं होतं.

“अण्णा, दुपारपर्यंत थांबू या. सायबांना सांगा की.”

मी सांगायला गेलो नाही. “चालवा,” म्हणालो.

दहा पावलांत रूळ गवताने गच्च भरला. मामा गवत उपसायचे आणि पुन्हा रेटायचे. त्यांची बायको दोर खांद्यावर घेऊन पुढे झुकली होती. मग कडकन आवाज आला. एक पातं वाकून खालच्या पात्यावर आदळलं आणि त्याचा तुकडा उडाला. हिरवळ अर्धी भादरून सोडलेल्या डोक्यासारखी राहिली आणि पाहुणे तिच्यासमोरून गेले.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. “रूळ तू निवडलास. तुझं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतंय. माळ्याने ओल्या गवतात यंत्र चालवलं, एवढंच लिही. खोटं काही लिहू नकोस.”

मी खोटं काही लिहिलं नाही. इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. चारही खरी होती. खाली मामांची सही हवी होती.

“काय लिवलंय अण्णा?”

“गवत ओलं होतं असं.”

“सरी. खरंच हाय ते.” त्यांनी मराठीत, एकेक अक्षर कोरत सही केली.

कायम करायच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. कारण ‘निष्काळजीपणा’. हा शब्द माझ्या टिपणीत नव्हता, पण तो माझ्या टिपणीतूनच निघाला होता. त्यांना पाणी घालायच्या कामावर पाठवलं आणि थोड्याच दिवसांत ते दिसेनासे झाले. त्याच महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मग साहेबांनी पाच पात्यांचा रूळ आणायला सांगितलं आणि टिपणी पुन्हा माझ्याकडे आली. गवत दांडगं, कापणी पंधरवड्याने, दोन पात्यांत जागा हवी: मामांचंच बोलणं मी इंग्रजीत उतरवलं. साहेबांनी समासात शेरा मारला की कारणमीमांसा उत्तम आहे.

पुढे दोनेक वर्षांनी कामानिमित्त बंगलोरबाहेर देवनहळ्ळीला गेलो होतो. परतीच्या बसची वाट बघत असताना मामा दिसले, खांद्यावर कुदळ होती. कोणाच्या तरी मळ्यात कामाला होते.

“अण्णा! पाचाचं बसिवलं म्हनं. कापतंय का चांगलं?”

“चांगलं कापतंय, मामा.”

“कापनारच.” त्यांनी कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. “त्यो कागद मला मागनं क्लार्कानं वाचून दाखिवला. गवत ओलं व्हतं, सकाळची येळ व्हती, समदं खरं लिवलंत. पाती आठ व्हती, तेवढं ऱ्हायलं.”

बस आली. मामांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली, अकरा वर्षांच्या सवयीने. मी ती घेतली आणि “थँक यू” म्हणालो.