लॉनची माती आणि युरियाची गोणी

मंडळी, आज इतकी वैतागलेय की घरी आल्या आल्या आधी हे लिहायला बसलेय.

आमच्या टेंभुर्णीच्या कॉलेजचं लॉन महिनाभरापासून पिवळं पडतंय. प्राचार्य म्हणाले, "अजून युरिया टाका." मी म्हटलं, आधी माती तपासून घेऊ. शेतीशास्त्र शिकवते ना, मग नमुना काढणंही माझ्याच गळ्यात पडलं.

सकाळी लॉनवर नागमोडी चालत पंधरा जागी खुरप्यानं चार-चार इंच खणलं, मुळं-काड्या वेचल्या, सगळी माती बादलीत एकत्र केली. बादली व्हरांड्यात ठेवून तासाला गेले. परत येते तर बादली रिकामी!

"माती उघडी पडल्ती मॅडम," आमचे शिपाई कचरूमामा म्हणाले, "मंग मी बराबर गोणीत भरून ठेवली."

गोणी युरियाची! आता त्या मातीत नत्र भरपूरच निघणार की!

मी नको तेवढं बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "गोणी झटकून घेतल्ती. हे गवत मी माझ्या हातानं लावलंय मॅडम. ते जगावं म्हणूनच करून राह्यलो."

दुपारी भर उन्हात पुन्हा पंधरा खड्डे. या वेळी खुरपं त्यांच्या हातात होतं. प्रत्येक जागी विचारायचे, "इतकं खोल बस का?" एकही खड्डा चुकला नाही.

पाठ मोडलीय, राग अजून पुरता गेलेला नाही. पण ती माती कशासाठी काढली, हे सकाळी मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तुम्ही असं कारण आधी सांगता का हो, की माझ्यासारखं नंतर नुसतं चिडता?