डेअरीच्या पाटीवरची चरबी

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की मला पुढचं सांगता येत नाही. मराठी भाषेची सेवा करायला गेले आणि एका गावाला उपाशी ठेवून आले, असा हा प्रकार आहे. चहा घ्या तोवर.

सत्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं साल असेल. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत सय्यदसरांची छोटी कंपनी होती, तिथे मी कामाला होते. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि आम्ही चार माणसं. दूध डेअऱ्यांना कॉम्प्युटर बसवून द्यायचं काम सरांनी घेतलं होतं. प्रोग्रॅम गुजरातेतल्या एका कंपनीचा. तो बोलायचा इंग्रजीत नाहीतर गुजरातीत. पहिली डेअरी मिरजगावची; तिथल्या शेतकऱ्याला या दोन्हींचा काय उपयोग?

पण त्या गुजराती लोकांनी एक सोय फार छान ठेवली होती. नवी भाषा हवी असेल तर मूळ प्रोग्रॅमला हातच लावायचा नाही. शब्दांची एक वेगळी फाईल करायची आणि शेजारी नेऊन ठेवायची. प्रोग्रॅम सुरू झाला की ती उचलतो आणि त्या भाषेत बोलायला लागतो. तारीख कशी लिहायची, आकडे कुठले, लाखाला स्वल्पविराम कुठे, हे सगळं त्याच फाईलमध्ये. आज त्याला प्लग-इन म्हणतात. सय्यदसर म्हणायचे 'जोड'.

"ज्योती, मराठीचा जोड तू करायचा," सर म्हणाले. "तुझे वडील मराठीचे मास्तर. तुझ्याशिवाय कोण करणार?"

झालं. माझ्या अंगात मराठी संचारली. इंग्रजीचा एक शब्द ठेवणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं. आकडेसुद्धा देवनागरीच हवेत म्हणून हट्ट धरला. इंग्रजी आकडे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत, आपले आकडे मात्र गावात लहानथोर सगळ्यांना वाचता आले पाहिजेत, असं मी सरांना बजावून सांगितलं. हे वाक्य मी का सांगतेय ते पुढे कळेल.

खरी कसोटी होती पाटीची. डेअरीच्या खिडकीवर लाल दिव्यांची एक पाटी लागायची. माणूस दूध घेऊन आला की त्यावर त्याचं नाव, मग दुधाचं वजन, मग दूध कसं आहे ते. पाटी लहान, अक्षरं मोजकी. 'कृपया आपले भांडे ठेवावे' बसेना. 'भांडे ठेव' बसायचं, पण गावातल्या वडीलधाऱ्यांना अरे-तुरे कसं करणार? मी कितीतरी दिवस या आदरार्थी बहुवचनाशी झटत होते. शेवटी एका काना-मात्रेची जागा काढली आणि 'भांडे ठेवा' बसवलं. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "शाब्बास. कुणाचा अपमान होता कामा नये."

अपमानाची इतकी काळजी घेतली मी. आणि यादीत खाली दोन शब्दजोड्या होत्या, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'फॅट हाय' आणि 'फॅट लो'. फॅट म्हणजे काय? चरबी. लिहिलं, 'चरबी जास्त', 'चरबी कमी'. पुढे.

आता मला सांगा, मी नगर शहरात वाढलेली. दूध म्हणजे सकाळी दारात येणारी पिशवी. दुधातल्या स्निग्धांशाला अख्खा जिल्हा फॅट म्हणतो, त्यावरच दर ठरतो, आणि फॅट जास्त येणं ही दूधवाल्याची शान असते, हे मला कुणी सांगितलं होतं का? विचारायला हवं होतं, हे खरं. नाही विचारलं.

मिरजगावला जाऊन मी सगळं बसवलं. दूध तपासायचं यंत्र आत काचेमागे, वजनाचा लोखंडी काटा बाहेर खिडकीखाली, पाटी वर. वजनाची मापं ठेवून आकडे पाहिले, बरोबर आले. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. डेअरीवाले थांबा म्हणाले, पण मला एसटी गाठायची होती. मी निघून आले.

महिन्याभरानं डेअरीचे सेक्रेटरी नामदेवभाऊ यांचा फोन आला. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस, फोनवरसुद्धा हळू बोलायचे.

"ताई, मशीन झकास हाय. पन एक अडचन हाय. ते फॅट दावत न्हाई."

"दाखवत नाही म्हणजे?"

"फॅट आमी जुन्या पद्धतीनं काढतोय, त्याची काळजी न्हाई. पन चरबीचं काय करायचं?"

"कुणाची चरबी?"

"सगळ्यांचीच दावतंय की."

 फोन ठेवला आणि फाईल उघडून त्या दोन ओळींकडे बघत बसले. मग शब्द बदलले, फ्लॉपी घेतली आणि सरांना काही न सांगता मिरजगावची एसटी पकडली.

तिथे नामदेवभाऊंना मी खरा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते असं. उद्घाटनाला पहिलं दूध चेअरमन अण्णांचं. अण्णा म्हणजे भारदस्त माणूस, सगळ्याच अर्थांनी. घोडेगावच्या बाजारातून पारखून आणलेली म्हैस, तिचं दूध. हार घालून झाले, टाळ्या झाल्या, किटली काट्यावर ठेवली. पाटीवर अण्णांचं नाव उमटलं आणि खाली, ठसठशीत लाल अक्षरांत: चरबी जास्त.

 तुम्हीच विचार करा. आपल्याकडे माणसाला 'चरबी जास्त झालीय' म्हणतात ते कशाबद्दल? आणि ते चेअरमनला, गावासमोर, विरोधी गट पहिल्या रांगेत बसलेला असताना.

अण्णांनी सावकाश मान वळवली. "नामदेव, हे तू लिव्हलंस?"

 नोकरी जाते की काय, या भीतीनं नामदेवभाऊ तोंडाला येईल ते बोलून गेले. "न्हाई अण्णा, तसलं न्हाई ते. मशीन आंगातली चरबी सांगतं. तब्येतीसाठी हाय. नवीन सोय हाय."

अण्णांचा चेहरा निवळला. पण दुसऱ्याच क्षणी तो पडला. नवीन मशीन, गुजरातेतून आलेलं, कॉम्प्युटरवालं. ते सांगतंय म्हणजे असणारच की. अण्णांनी त्याच संध्याकाळी तूप बंद केलं.

आणि मग गाव. काट्याजवळ उभं राहायचं, पाटीवर नाव येतं, वजन येतं, चरबी येते. तपासायचं यंत्र काचेमागे, ते कुणाला दिसतंय? म्हैसवाले सगळे 'जास्त' निघाले, गाईवाले बरेचसे 'कमी'. एक काडीसारखा म्हातारा दोन म्हशी पाळायचा. त्याला रोज 'चरबी जास्त'. तो बिचारा आरशात बघून बघून दमला. रखमाबाई नावाची एक धडधाकट बाई, घरी जर्सी गाय. तिला 'चरबी कमी' आल्यापासून ती शेंगदाण्याचे लाडू खात सुटली होती. गावातले डॉक्टर तर नामदेवभाऊंवर जाम चिडले होते, कारण पेशंट डेअरीची पावती घेऊन तपासायला यायला लागले होते.

मी पोचले तेव्हा संध्याकाळचं दूध चालू होतं. रांगेत निम्म्या लोकांच्या हातात किटलीच नव्हती. नुसतेच आले होते, चरबी बघायला.

आता इथे मी काय करायला हवं होतं? गुपचूप आत जायचं, फ्लॉपी घालायची, जोड बदलायचा आणि घरी जायचं. पण मला समजावून सांगायची हौस. म्हटलं, लोकांच्या मनातला गैरसमज पुराव्यानिशी दूर करू.

मी मोठ्यांदा म्हणाले, "मंडळी, ऐका. हे यंत्र माणसाची चरबी मोजत नाही. फक्त दुधाची मोजतं. विश्वास नसेल तर मी स्वतः काट्यावर उभी राहते. पाटीवर चरबी येणार नाही."

नामदेवभाऊ काचेमागून हात हलवत होते. मला वाटलं, शाबासकी देतायत. मी त्यांना खूण केली, बसवताना माझ्या नावानं टाकलेल्या चाचणीच्या नंबरवर घ्या. आणि चढले काट्यावर.

हात ते का हलवत होते, सांगू? नुकतंच अण्णांच्या म्हशीचं दूध येऊन गेलं होतं आणि त्याचा नमुना अजून यंत्रातच होता.

पाटीवर आधी माझं नाव आलं. मग वजन. ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण मिरजगावाला ते कळलं, कारण आकडे मराठीत होते. लहानथोर सगळ्यांना वाचता आले. एका आजींनी तर बोट दाखवत मोठ्यांदा वाचले, दशांशासकट.

आणि खाली आलं: चरबी जास्त.

कुणी हसलं नाही, हे त्याहून वाईट. सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या. रखमाबाई पुढे आली, माझा हात धरून मला काट्यावरून खाली उतरवलं आणि म्हणाली, "आसू द्या ताई. मनाला लावून घिऊ नगा. चालत जावा, कमी हुती."

मग मात्र मी गडबडीत सगळं सांगून टाकलं. की फाईल मी केली, शब्द मी घातला, चरबी म्हणजे फॅट.

रांगेतला तो काडीसारखा म्हातारा म्हणाला, "मंग फॅटच म्हनायचं की."

"आजोबा, फॅट इंग्रजी शब्द आहे."

"इंग्रजी?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. "आमच्यात बायाबी फॅटच म्हनत्यात. त्या काय इंग्रजी बोलत्यात व्हय?"

मी आत जाऊन फ्लॉपी घातली. पाटीवर 'फॅट जास्त' आलं आणि रांगेतून असा सुस्कारा निघाला, जणू गावावरची साडेसाती उतरली. किटली नसलेले लोक जरा नाराज होऊन घरी गेले.

अण्णा इतका वेळ बाकावर बसून होते. अंगातला सदरा ढगळ झाला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"म्हंजे ती चरबी म्हशीची?"

"हो अण्णा. चांगलं दूध आहे म्हणून."

"म्हंजे समद्या गावाम्होरं पाटी माझ्या म्हशीचं कवतिक करीत हुती."

"हो."

"आन् मी दुधी भोपळा खात हुतो."

मला वाटलं, आता ओरडणार. काम जाणार, सरांना तोंड कसं दाखवायचं? पण अण्णांचे खांदे हलायला लागले, आणि कळलं की माणूस हसतोय. डोळे पुसून म्हणाले, "चल पोरी, जेवून जा. आज तूप खानार हाय मी."

अण्णांचं घर डेअरीच्या मागेच होतं. त्यांच्या बायको, काकू, चुलीपाशी होत्या. अण्णांनी हसत हसत सगळं सांगितलं. काकू हसल्या नाहीत. अण्णा हात धुवायला गेले तशी त्या माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "डाक्टर सांगून दमला, मी सांगून दमले. त्या पाटीनं पयल्यांदा त्यांचं तोंड बांधलं हुतं. आता जिना चढताना दम बी लागत न्हाई. आजून म्हैनाभर थांबली आसतीस तर काय बिघडलं आसतं?"

 चूक होती तोवर गावाचं भलं होत होतं आणि चूक दुरुस्त केली तर भलं थांबलं. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

अण्णा येऊन बसले. काकूंनी त्यांच्या ताटात बाजरीची भाकरी ठेवली, वर रागारागानं तुपाचा गोळा टाकला. माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि शेजारी उकडलेल्या दुधी भोपळ्याची वाटी.

अण्णा म्हणाले, "आगं, पाव्हनी हाय ती. तिला बी घाल की तूप."

काकूंनी तुपाचं भांडं उचललं आणि माझ्यापासून लांब सरकवलं.

"तिचा आकडा शेजारनीनं सांगितलाय मला," त्या म्हणाल्या. "तिला नगं."